एर्गाशचा तिसरा पंप

एर्गाशने कधी पहिल्याच गाडीवरून खरबूज घेतलं असेल तर ते मी पाहिलेलं नाही. तीन गाड्यांवरची खरबुजं ठोकून बघणार, चौथ्याकडे जाऊन पहिल्याची चहाडी करणार, शेवटी पहिल्याकडूनच घेणार आणि घरी आल्यावर मला म्हणणार, "ओपा, त्याने मागच्या मागे बदललं बघा." खरबूज सगळा वेळ याच्या काखेत. बदलणार कुठून?

आमची दारं समोरासमोर. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी त्याची ओपा, म्हणजे ताई. तशी मी सगळ्या गल्लीचीच ओपा. तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, आणि आज कोकंदच्या आमच्या मोहल्ल्यात मिशीला पीळ देत फिरणाऱ्या निम्म्या बाप्यांचे कान मी पिरगळलेले आहेत. निवृत्त झाल्यापासून मी लोकांचे अर्ज लिहिते. पाणी गढूळ आलं, पेन्शन अडली, शेजाऱ्याने भिंत चार बोटं पुढे सरकवली, की चला साओदत-ओपाकडे. माझ्या अर्जाला उत्तर येतं. हे मी फुशारकीनेच सांगते, आणि या प्रकरणात ती फुशारकीच नडली.

एर्गाश जन्मतः असा नव्हता. तरुणपणी तो सामुदायिक शेतावर कापसाचा ट्रक चालवायचा. शेत मोडीत निघालं तेव्हा ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं. कोणी गाय नेली, कोणी पंखा, एकाने तर कचेरीचं दार चौकटीसकट नेलं. एर्गाश अध्यक्षांकडे गेला आणि म्हणाला, ट्रक मी चालवतो, तेव्हा मला तो रीतसर कागदावर द्या. अध्यक्ष म्हणाले, उद्या सकाळी कागद घेऊन जा. सकाळी कागद तयार होता. सही होती, शिक्का होता. ट्रकच्या जागी चार विटा होत्या. त्या दिवसापासून त्याचा माणसांवरचा विश्वास उडाला आणि कागदावरचा मात्र, कोण जाणे कसा, तसाच राहिला.

तर अशा माणसाने आयुष्यात पहिल्यांदा नवी कोरी गाडी घेतली. पांढरी, कारण आमच्याकडे सगळ्यांच्याच पांढऱ्या. कारखान्यातूनच गॅसची टाकी बसवून आलेली, आणि सोबत तीन वर्षांच्या वॉरंटीचं पुस्तक. ते पुस्तक त्याने बायकोच्या, ओइदीनच्या, दागिन्यांच्या पेटीत ठेवलं आणि किल्ली स्वतःकडे घेतली. ओइदीनने मला विचारलं, "ओपा, माझ्या कानातल्यांपेक्षा ते पुस्तक महाग आहे का हो?" मी म्हटलं, "त्याला विचारून बघ. तो तुझ्यावरच संशय घेईल."

या गाडीने तो खिंड ओलांडून ताश्कंदला भाडी मारायचा. चार प्रवासी, मागे त्यांची पोती-गाठोडी. आमच्या गाड्या सुरू होतात पेट्रोलवर, धावतात गॅसवर, आणि खिंडीच्या चढाला गॅस दम टाकतो म्हणून चालक पुन्हा पेट्रोलवर घेतात. म्हणजे पेट्रोल लागतंच, पण थोडं. आता थोडं म्हणजे किती, ते एर्गाशने स्वतः ठरवलं होतं. एका हिवाळ्यात पेट्रोल पंपांवर ठणठणाट झाला होता. तेव्हापासून चांगलं पेट्रोल दिसलं की तो घ्यायचा, घरी येऊन रबरी नळीने टाकीतून काढायचा आणि पाण्याच्या मोठ्या प्लास्टिकच्या बरण्यांमध्ये भरून ठेवायचा. टाकीत ठेवलं तर कोणीतरी चोरणार! गाडी धुणारा, गॅस भरणारा, लग्नाच्या वरातीसाठी गाडी मागून नेणारा पुतण्या, सगळे त्याच्या यादीत. नान भाजायच्या भट्टीजवळ पेट्रोल नको म्हणून ओइदीनने आकांडतांडव केलं, तेव्हा त्या बरण्या माझ्या कोठीत आल्या. पेट्रोलचा पिवळा दिवा सारखा लागायचा म्हणून त्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. "दिवा पेटला की प्रवासी घाबरतात," म्हणाला. मला त्यात गैर काही वाटलं नाही. मला गाडीतलं काय कळतंय?

पहिला पंप गेला तो खिंडीत, बर्फ पडत असताना. पेट्रोलवर घेतल्याबरोबर गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. प्रवासी दुसऱ्या गाडीत बसून निघून गेले, आणि गाडी दोराने बांधून ओढत परत आणली गेली तेव्हा हा तिच्या स्टिअरिंगला बसून, ओढणारा गाडी भलतीकडे तर नेत नाही ना, हे बघत होता.

"ओपा, नव्या गाडीतला पेट्रोलचा पंप जातोच कसा?"

"यंत्र आहे. जातं."

"जात नाही. घालवतात."

आता इथे सोबिरची ओळख करून द्यायला हवी. कंपनीचं जे सर्व्हिस सेंटर आमच्या गावात आहे, तिथला मुख्य मिस्त्री म्हणजे सोबिर. मोठ्या अंगाचा, कमी बोलणारा, नखांत कायम काळं तेल. आणि तो एर्गाशचा व्याही. एर्गाशची एकुलती एक मुलगी मुहय्यो त्याच्या धाकट्या मुलाला दिलेली. लग्न ठरवण्याआधी एर्गाशने सोबिरच्या गल्लीत तीनदा जाऊन चौकशी केली होती. नान भाजणाऱ्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं, मशिदीबाहेर चपला शिवणाऱ्यालाही विचारलं. कोणी वाईट बोलेना. घरी येऊन मला म्हणाला, "मला हे पसंत नाही. इतकं चांगलं कोणी असतं का?" ओइदीन आणि मी मिळून त्याला गप्प केलं नसतं तर ती पोर अजून माहेरीच असती.

सोबिरने पहिला पंप वॉरंटीत बदलून दिला. चहा पाजला. चार महिन्यांत दुसरा गेला. या वेळी एर्गाश सावध होता. सोबिरने डब्यातून नवा पंप काढून टेबलावर ठेवला आणि कागद आणायला आत गेला, तेवढ्यात याने खिशातल्या खिळ्याने पंपाच्या बुडाशी दोन रेघा ओढल्या. गाडी दुसऱ्या दिवशी मिळाली. मला येऊन सांगताना त्याचा चेहरा असा खुलला होता की जणू पंप दुरुस्त झाला याचा नाही, तर पुन्हा बिघडेल याचाच त्याला आनंद होता.

आणि बिघडला. तिसऱ्यांदा. या वेळी त्याने गाडी सोबिरकडे नेलीच नाही, बाजारातल्या एका मिस्त्रीकडून पंप बाहेर काढवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या दारात आला. मी चहात नान बुडवत होते. त्याने खाण्याच्या दस्तरखानवर, माझ्या मनुका नि अक्रोडांच्या मधोमध, ते तेलकट पुडकं उघडलं.

"बघा."

"काय बघू?"

"काही दिसतंय का?"

"काहीच दिसत नाही."

"तेच तर!" त्याने मांडीवर थाप मारली. "रेघा कुठे आहेत? हा माझा पंप नाही, ओपा. माझा नवा त्याने बाजारात विकला आणि कुणाचा तरी जुना माझ्या गाडीत कोंबला!"

खरं सांगते, मीही तो पंप उलटासुलटा करून बघितला. रेघा खरोखरच नव्हत्या. संशय म्हणजे एर्गाशची नेहमीची कटकट, असं धरून चालणाऱ्या मला पहिल्यांदा वाटलं, की या वेळी हा बरोबर असेल तर? सोबिर इतका गप्प का असतो? लग्नात त्याने एवढे पाहुणे कुठून जेवू घातले? एकदा मन त्या वाटेला लागलं की आडवं काही येत नाही.

तरी मी म्हटलं, "एर्गाश, व्याही आहे तो तुझा."

"म्हणूनच. परक्याची एवढी हिंमत झाली नसती."

"पोर त्यांच्या घरात आहे."

"तिच्यासाठीच करतोय ना मी!" त्याचा आवाज चढला, आणि मग एकदम बसला. "जो मला तोंडावर फसवतो, तो माझ्या पोरीला त्या चार भिंतींत कसं वागवत असेल? ती सांगते सगळं छान आहे. छान आहे, छान आहे. मला ते ऐकून झोप लागत नाही, ओपा."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कागद घेतला.

अर्ज मी असा लिहिला की आजही तो आठवला की आधी अभिमान वाटतो आणि मग लाज. "वॉरंटीच्या आडून नवे भाग बाजारात जातात आणि निकामी भाग ग्राहकाच्या गाडीत येतात, ही बाब आपल्या निदर्शनास आणणे मी माझे कर्तव्य समजतो." वॉरंटीच्या आडून! त्या शब्दावर मी इतकी खूश झाले की दोनदा मोठ्याने वाचलं. सोबिरचं नाव मी लिहिलं नव्हतं. पण त्या सेंटरला मुख्य मिस्त्री होता एकच. अर्ज थेट ताश्कंदच्या मुख्य कार्यालयात गेला, आणि तिथून त्याची प्रत सेंटरला आली.

आठ दिवसांनी मुहय्यो एक बॅग घेऊन माहेरी आली. सोबत फडक्यात बांधलेल्या दोन लोण्याच्या रोट्या होत्या, सासूने दिलेल्या.

"भांडण झालं का?" ओइदीनने दारातच विचारलं.

"नाही गं. सासूबाई ओरडल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, तुझ्या वडिलांच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत आईकडे राहा. तोवर आम्हालाही तुझ्यासमोर चमचाभर तूप वाढताना वाटेल की तू मोजतेस."

एर्गाशने रोटी उचलून हुंगली. "विकत घेतायत आपल्याला," तो म्हणाला. मुहय्योने ती त्याच्या हातातून काढून परत फडक्यात बांधली.

आमच्याकडे नव्या सुनेने पहाटे उठून सासरचं अंगण आणि दारासमोरचा रस्ता झाडायचा असतो. कोणाची सून किती लवकर उठते, ते रस्त्यावरच्या झाडूच्या खुणांवरून गल्लीला कळतं. मुहय्यो पहिल्या दिवशी सवयीने उठली आणि माहेरचं दार झाडायला लागली. दूध आणायला निघालेल्या दोन बायका थांबल्या. "अगं, तू इथे? किती दिवस?" एवढंच विचारून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून तिने फक्त आतलं अंगण झाडलं, फाटक बंद ठेवून. आठ महिने लग्नाला झालेले. ती मागच्या विहिरीजवळ बसून नवऱ्याशी फोनवर हळू आवाजात बोलायची, आणि नंतर बराच वेळ तिथेच बसून राहायची. मला खिडकीतून दिसायचं. मी पडदा ओढून घ्यायची. निकाल सोबिरच्या विरुद्ध लागला तर ही पोर परत त्या दारात कुठल्या तोंडाने जाणार, हा विचार मला अर्ज पाठवल्यावर सुचला. आधी सुचायला काय झालं होतं?

मग ताश्कंदहून तपासनीस आला. एर्गाशने मलाही ओढून नेलं, "शब्द तुमचे आहेत ओपा, तुम्हीच समजावून सांगा." सेंटरच्या मागच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्रातला तो पंप. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला सोबिर, हात पुसत उभा. त्याने छातीवर हात ठेवून मला सलाम केला. मी मान हलवली आणि दुसरीकडे बघितलं.

तपासनीस तरुण होता, चष्मा लावलेला. त्याने पंप फिरवून बघितला. "हा आमच्या कारखान्याचा नाही."

"ऐकलंत?" एर्गाश उठून उभाच राहिला. "ऐकलंत सगळ्यांनी?"

"सोबिर-अका," तपासनीसाने अदबीने दादा म्हणत विचारलं, "हा कुठून आला?"

"बाजारातून," सोबिर म्हणाला. "मी आणला."

"जुना?"

"नवा. पावती आहे घरी."

"कंपनीचा पंप असताना बाजारातला का बसवलात?"

सोबिर खाली बघत म्हणाला, "दुसऱ्या वेळेला तुमच्या कार्यालयाने वॉरंटी नाकारली. पंप जळाला तेव्हा टाकी कोरडी होती, असं मी अहवालात लिहिलं होतं. दिसलं ते लिहावं लागतं. मग डब्यातून काढलेला पंप परत डब्यात घालून धाडावा लागला. व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? सूनबाईंना वाईट वाटलं असतं. म्हणून माझ्या पैशांनी आणला."

म्हणजे रेघा मारलेला पंप ताश्कंदला परत गेला होता. एर्गाशचा पुरावा शंभर टक्के खरा होता, आणि त्याचा अर्थ शंभर टक्के उलटा.

"पंप पेट्रोलात बुडालेला असेल तरच थंड राहतो," तपासनीस एर्गाशला म्हणाला. "गाडी गॅसवर धावत असली तरी तुमच्या गाडीत तो फिरत राहतो. कोरडा फिरला की जळतो. तुम्ही टाकीत किती पेट्रोल ठेवता?"

"अर्ध्याच्या वर. नेहमी."

"मी व्याह्यांना दोनदा सांगितलं होतं," सोबिर हळूच म्हणाला. "टाकी रिकामी ठेवू नका म्हणून."

"सांगशीलच! पेट्रोलवाल्यांशी तुझं साटंलोटं असेल!"

हे एर्गाशने मला कधीच सांगितलं नव्हतं. सोबिरने दोनदा बजावलं होतं, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं.

एर्गाशची गाडी ओढून आणून बाहेर उभी केलेली होती; ती आधीच बघून आलेल्या तपासनीसाने विचारलं, "मग पेट्रोलच्या दिव्यावर ती काळी पट्टी कशाला?"

"इथेच लावली असेल कोणीतरी," एर्गाश म्हणाला. पाठोपाठ त्याचा आवाज पुन्हा चढला. "आणि टाकी कोरडी होती म्हणता, तर पेट्रोल कोणी काढलं? गाडी कोणाच्या ताब्यात होती? बोल ना!"

सगळे सोबिरकडे बघायला लागले. दारात उभे असलेले दोघे कामगारसुद्धा. सोबिरच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायलाही तो विसरला होता. मी तोंड उघडलं नसतं तर त्या माणसाची नोकरी तिथेच संपली असती आणि मुहय्योचं घरही.

"एर्गाश," मी म्हटलं, "माझ्या कोठीत तुझ्या सात बरण्या आहेत."

तो माझ्याकडे वळला. साठ वर्षांचा शेजार आहे आमचा. त्याची आई वारली तेव्हा त्याच्या हातात मी भाकरी ठेवली होती. त्याने मला नखशिखान्त बघितलं आणि म्हणाला, "ओपा, यांनी तुम्हाला काय द्यायचं कबूल केलं?"

मी पर्स उचलली आणि चालत घरी आले, भर थंडीत, वाटेत तीन गाड्या थांबल्या तरी बसले नाही.

अहवाल आला. वॉरंटी नाकारली, चूक ग्राहकाची. आणि दुसऱ्या परिच्छेदात, नियमाविरुद्ध बाहेरचा भाग बसवल्याबद्दल सोबिरला मुख्य मिस्त्रीपदावरून काढलं. चाकांना हवा भरण्याच्या खोलीत त्याची बदली झाली, त्याच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाच्या हाताखाली. मी बसून दुसरा अर्ज लिहिला, सोबिरला पद परत द्यावं म्हणून. साधा, एकही शब्द न नटवता. त्याला उत्तर आलं नाही.

एर्गाश चार दिवस माझ्या दाराकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी सकाळी मुहय्यो आली आणि म्हणाली, "ओपा, कोठीची किल्ली द्या." तिने दोन दोन करत सातही बरण्या बाहेर नेल्या, बापाच्या देखत. गाडीत बाजारच्या मिस्त्रीने चौथा पंप बसवलेला होता. तिने नरसाळं लावलं आणि एकेक बरणी टाकीत ओतली. एर्गाश उंबऱ्यावर उभा होता. सांडेल, एवढं एकदा म्हणाला. शेवटच्या बरणीनंतर तिने दिव्यावरची पट्टी नखाने खरवडून काढली, हात धुतले, बॅग आणली.

"बाबा, मला घरी सोडा. ओपा, तुम्हीही चला. तुम्हालाही त्यांच्याशी बोलायचं असेल."

मला बोलायचं होतंच. एर्गाशने माझ्यासाठी पुढची सीट पुसून दिली होती.

सोबिर अंगणात होता, थंडीसाठी मातीखाली पुरलेले द्राक्षाचे वेल उकरून मांडवावर चढवत होता. आम्हाला बघून फावडं ठेवलं. "या, या. चहा टाकतील." आवाजात काही नव्हतं, रागही नाही. मला तो राग हवा होता. मी माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "अर्ज छान लिहिला होता तुम्ही, ओपा. आम्ही सगळ्यांनी वाचला." आणि मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

एर्गाशनेही माफी मागितली, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "व्याही, चुकलो मी." सोबिरने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. मुहय्योच्या सासूने पोरीला कुशीत घेऊन तिच्या कपाळावर ओठ टेकवले, आणि मुहय्यो आत जाऊन लगेच किटली घेऊन बाहेर आली, जणू मधले पाच आठवडे झालेच नव्हते. आम्ही चहा घेतला. एर्गाशने प्याला हुंगला नाही.

निघताना मुहय्यो फाटकापर्यंत आली. मी गाडीत बसले होते, काच खाली होती. एर्गाश तिच्याजवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आता तुझ्यावर डूख धरतील. कोणी काही टाकून बोललं, काही कमी-जास्त केलं, तर मला लगेच फोन कर. लपवू नकोस. काय?"

मुहय्योने त्याची कॉलर सरळ केली. "नाही करणार, बाबा."

"का?"

"इथे मला काही दुखलं-खुपलं तरी तुम्हाला सांगायचं नाही, असं मी ठरवलंय. आईलाही नाही, ती तुम्हाला सांगते. तुम्हाला कळलं की त्याचा अर्ज होतो." ती चिडून बोलली नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी बोलली. "ताश्कंदला जाल तेव्हा जपून जा. खिंडीत अजून बर्फ आहे म्हणतात."

फाटक लागलं. एर्गाश गाडीत येऊन बसला. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"ओपा," तो म्हणाला, "तिला हे कोणी शिकवलं असेल?"

"तू," मी म्हटलं. "आणि मी ते लिहून दिलं."

त्याने गाडी सुरू केली.